झोपण्यापुरतं घर

"वन्सं, हळू हो... हे आत्ताच आडवे झालेत," कुंदाने ओठांवर बोट ठेवून विनवलं; पण तोवर विठाच्या हातातलं मुसळ उखळात उतरलं होतं. एकच ठोका पडला. भिंतीकडे तोंड करून निजलेला हरिचंद्र ताडकन उठला, रातपाळीने तांबारलेल्या डोळ्यांनी बहिणीकडे पाहत दोन ढांगांत तिच्यापाशी आला आणि तिच्या हातातलं मुसळ हिसकावून त्याने सरळ दाराबाहेर गल्लीत भिरकावलं.

"रात्रभर यंत्रापुढं उभा असतो मी, आक्का. दिवसा दोन तास तरी डोळ्याला डोळा लागू देशील का नाही?"

विठाने ज्या हातांनी याला घास भरवून वाढवलं, ते हात तसेच उखळावर रिकामे राहिले... राग भावाचा आला असता तरी बरं होतं. पण त्याचं काय चुकलं? झोपेवाचून माणूस जगतो का? आणि तिचं तरी काय चुकलं होतं? कामावाचून माणूस जगतो का? दोघंही बरोबर होती, आणि त्या एवढ्याशा खोलीत दोन बरोबर माणसं एका वेळी मावत नव्हती. विठाचा सगळा संताप त्या चार भिंतींवर होता, आणि भिंतींशी भांडता येत नाही.

गावाकडचं, चामटोलीतलं त्यांचं जुनं घर असं नव्हतं. आईबाप पटकीत गेले तेव्हा हरिचंद्र सहा वर्षांचा होता, आणि पांढरं कपाळ घेऊन सासरहून परतलेली विठा जेमतेम अठराची. दुसऱ्या लग्नाचं कुणी सुचवलं की ती म्हणायची, पोराला कुठं ठेवू? पडवीच्या जमिनीत पुरलेल्या उखळावर तिने पंधरा वर्षं काढली. अर्ध्या गावाचे पोह्याचे पापड तिच्या पडवीत कुटले जायचे. माजघरात कुणी आजारी निजलेलं असो, गोठ्यात म्हैस व्यायलेली असो, पडवीतल्या कामाचा कुणाला जाच म्हणून नव्हता.

मग हरिचंद्राला अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी लागली. चामटोलीहून पहाटे पायी निघायचं, पाळी करायची, तंगड्या तोडत परत यायचं. एका पावसाळ्यात तो तापाने फणफणून वाटेतच पडला, तेव्हा लोकांनी त्याला बैलगाडीत घालून घरी आणलं. त्याच्या उशाशी बसून विठाने ठरवलं, घरच कामापाशी न्यायचं! दिवाळी झाल्यावर तिने स्वतः उभं राहून घर उतरवलं. कौलं, वासे, आईचा हात लागलेली दारं, सगळं गाड्यांत भरून अंबरनाथला नेलं. गावातल्या बाया रडल्या. विठा रडली नाही. भावाचे पाय वाचणार होते ना!

जागा अरुंद मिळाली. हरिचंद्राने घर आखलं ते मोठं गमतीचं. त्याने जमिनीवर चटया अंथरल्या: एक आपली नि कुंदाची, एक आक्काची, होणाऱ्या लेकराची एक लहान. त्यांच्याभोवती त्याने चुन्याची फक्की टाकली, मागे चुलीपुरती जागा सोडली आणि म्हणाला, "मावतोय की सगळे!" विठाही हरखली. चटई ताणून धरायला तीच तर वाकली होती. निजलेली माणसं सकाळी उठतात, एवढी साधी गोष्ट त्यांच्यातल्या कुणाच्याही ध्यानात आली नाही.

त्यात हरिचंद्राला कायमची रातपाळी लागली. मुसळ फेकलं त्या दिवशी विठाने ते गल्लीतून उचललं, पदराने पुसलं आणि ते खांद्यावर टाकून चालू लागली. पापडखार नि मिरी आणायला ती उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये नेहमी जायची, पाय आपसूक तिकडेच वळले. लढाईच्या दिवसांत सोल्जरांसाठी बांधलेल्या त्या लांबच लांब बराकी, आणि त्यांत आता सिंधहून उठून आलेली माणसं. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये नुसता गोणपाटाचा पडदा. विठाच्या खोलीहूनही जागा कमी! पण खिडकीत बिस्किटांचं दुकान, आत शिवणयंत्राची खडखड, त्यामागे स्टोव्ह आणि व्हरांड्यात पापड लाटणाऱ्या बाया. कुणी कुणाला गप्प राहा म्हणत नव्हतं. इथली माणसं जिथे राहत तिथेच पोट भरत, सारी एकदम उठत नि एकदम निजत.

ओळखीची, तिला सिंधीत अदी म्हणजे बहीण म्हणणारी खेमीबाई लाटणं थांबवून तिच्याकडे पाहत राहिली. "अदी, मुसळ लेके किधर घूमती है?"

विठाने सांगितलं. सांगताना मात्र तिचा बांध फुटला.

"रो मत, बहन. इधर बैठ. ये बराक में दिन को कोई नहीं सोता."

दुसऱ्या दिवसापासून दोघींनी काम मांडलं. खेमीबाईचे उडदाचे, विठाचे पोह्याचे. महिन्याभरात कॅम्पातली दुकानं दोन्ही मागू लागली, आणि महिन्याभरातच हरिचंद्राच्या कानावरही ते गेलं.

"कारखान्यात हसतात मला," तो दारातच म्हणाला. "बहीण निर्वासितांच्या बराकीत लाटायला जाते म्हणून. दोन वेळचं खायला घालत नाही का मी तुला?"

"घालतोस रे बाबा. पण नुसतं खायला मी काय खुंट्याला बांधलेली गाय आहे? गायसुद्धा दूध देते."

"मग तिथंच राहा!"

कुंदा मध्ये पडली, तान्ह्या पोरीला पुढे करून रडली. पण शब्द सुटला होता. विठाने दोन लुगडी गाठोड्यात बांधली आणि ती गेली. ज्या घरासाठी आपलं घर मोडलं, त्या घराचा उंबरठा ओलांडताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

चार महिने गेले. बराकीत गोणपाटाआड तिला झोप लागत नसे. पोरगी रांगायला लागली असेल, असं मनात यायचं आणि पुढचा पापड वेडावाकडा लाटला जायचा.

एके दिवशी भर दुपारी हरिचंद्र व्हरांड्याच्या पायरीपाशी येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. विठा अर्धवट उठली.

"पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे." तो पायरीवर बसला. "कारखान्यात यंत्रं दुरुस्तीला काढलीत. आठ दिवस सुट्टी आहे. पाच दिवस झाले घरी आहे मी, आक्का. दिवसाढवळ्या, जागा." तो थांबला. "चुलीपाशी बसलो तर कुंदा म्हणते, उठा, भाकऱ्या टाकायच्यात. दारात बसलो तर म्हणते, सरका, पाणी आणायचंय. मध्ये बसावं तर पोरगी रांगते. तिसऱ्या दिवसापासून रुळाकडेला जाऊन बसतोय. मीच बांधलेल्या घरात मला दिवसा बसायला जागा नाही गं... मी पाच दिवसांत पिसाळलो. तू वर्षभर कशी बसलीस?"

विठाने लाटणं बाजूला ठेवलं. वर्षभर हे कुणीतरी विचारावं म्हणून तिचा जीव आसुसला होता!

"पुढची भिंत पाडतो," तो घाईने म्हणाला. "पडवी काढतो तुला."

"पडवी काढशील. मुसळाचा आवाज कुठं नेशील? तुझी रातपाळी सुटणार आहे का?"

हरिचंद्राने तिचं लाटणं उचलून परत पोळपाटावर ठेवलं. तो म्हणाला, "मग काम इथंच कर. पण निजायला घरी ये, आक्का. पोरगी तुझ्या कोपऱ्यात जाऊन हाका मारते."

संध्याकाळी गाठोडं त्याने स्वतःच्या काखेत मारलं. बाजारातून जाताना कारखान्यातला आण्णा फिटर समोरूनच आला. विठा सवयीने दोन पावलं मागे सरली. तिच्यामुळे त्याला पुन्हा खाली पाहायला नको.

"काय हरिचंद्र, ह्या कोण?"

हरिचंद्राने थांबून तिच्या दंडाला धरलं आणि तिला पुढे घेतलं. "माझी थोरली बहीण. हिनं मला वाढवलं. इथं बराकीत पापडाच्या कामाला आहे."

विठाचे डोळे भरून आले, तरी ती म्हणाली, "कामाला नाही. खेमीबाईचा नि माझा निम्मा निम्मा धंदा आहे."

हरिचंद्र तिच्याकडे बघतच राहिला. "हे मला कधी बोलली नाहीस?"

"तू विचारलंस कुठं?"