आतल्या बाजूचे चार आकडे

"सरका, सरका! ह्याला ब्रेक नाहीयेत!" झंप्या ओरडला. त्याने ढकललेला टायर अंगणभर गडगडत गेला, भिंतीवर आपटला आणि आडवा झाला.

सुट्टीत काकांकडे आलेली ही तीन भावंडं. ताई तेरा वर्षांची, झंप्या अकराचा आणि चिमी नऊची. काकांचं टायरचं दुकान पुढे, अंगण मागे. मग शर्यत आणखी कसली लागणार?

"शी! हात बघ माझे! हा टायर रंग सोडतोय!" झंप्या म्हणाला.

"नवा टायर कसा रंग सोडेल?" ताईने टायरवर बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट झालं.

हे साधे टायर नव्हते. डांबर, माती, दगड, चिखल, कुठेही चालणारे जाडजूड दातांचे ऑल-टेरेन टायर! परवाच एका एजंटाने असे बारा आणून दिले होते. त्यातले चार काकांनी आजच सकाळी आत्याच्या जीपला बसवले होते. आत्या डॉक्टर. तीन वाजता ती घाटापलीकडच्या दवाखान्यात निघणार होती. घाटाचा रस्ता म्हणजे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मधे नुसते दगड. आत्ता पावणेतीन झाले होते.

चिमी टायरला नाक लावून बसली होती. "दुकानातल्या नव्या टायरला रबराचे बारीक बारीक केस आहेत. ह्याला एकही नाही!"

तिघं दुकानात धावली. काका त्याच एजंटाबरोबर चहा पीत होते.

"काका, अंगणातल्या टायरना केस का नाहीत?"

"माझ्यासारखं टक्कल पडलं असेल!" काका हसले. "पळा बघू, मोठी माणसं बोलतायत."

एजंटही हसला, पण जरा जास्तच मोठ्याने. "चौकस आहेत हो मुलं!" म्हणताना त्याचा चहा बशीत सांडला.

ताईचं लक्ष मात्र भिंतीवरच्या तक्त्याकडे गेलं होतं. 'टायरचं वय ओळखा' असं त्यावर लिहिलं होतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. एवढं वाचून ती परत अंगणात पळाली.

टायरच्या वरच्या बाजूला ऐटबाज पांढरी अक्षरं होती, आकडे नव्हते. "उलटा करा!" तिघांनी जोर लावला. धप्प! काळ्या पॉलिशखाली काहीतरी उठून आल्यासारखं दिसत होतं. झंप्याने रुमालाने खसाखसा घासलं.

"एकतिसावा आठवडा..." ताईने बोटांवर वर्षं मोजली. परत मोजली. तिचा चेहरा उतरला. "अरे, हा टायर चौदा वर्षांचा आहे!"

"म्हणजे तुझाही दादा!" झंप्या म्हणाला, पण कोणालाच हसू आलं नाही. पॉलिश निघालं तिथे रबराला भेगाच भेगा होत्या. झिजलेल्या दातांमधल्या खाचा कोणीतरी सुरीने कोरून खोल केल्या होत्या. एका खाचेतून तर आतले धागे बाहेर डोकावत होते!

तेवढ्यात दुकानापुढे हॉर्न वाजला.

"आत्या निघाली!" चिमी किंचाळली.

तिघं जिवाच्या आकांताने धावली. ताई थेट जीपसमोर हात पसरून उभी राहिली. "आत्या, इंजिन बंद कर! हे टायर जुने आहेत!"

"अगं ए, बाजूला हो! तिकडे पेशंट खोळंबलेत माझे!" आत्या वैतागली, पण तिने इंजिन बंद केलं.

काका तणतणत बाहेर आले. "काय पोरखेळ चाललाय? मी स्वतः बसवलेत ते टायर!"

"पण आकडे बघितलेत का?" ताईने विचारलं.

काकांनी आकडे बघितलेच नव्हते. पांढरी अक्षरं बाहेरून दिसली की गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून काका डोळे झाकून ती बाजू बाहेर ठेवत. आकडे आपोआप आत जात. वीस वर्षांचा हात तो, त्याला विचार करावाच लागत नसे!

"एखादा जुना पीस चुकून आला असेल हो," एजंट मधाळ आवाजात म्हणाला. "जीपचे चारही नवे कोरे आहेत. माझी हमी!"

"ऐकलंत? आता व्हा बाजूला," काका म्हणाले. आत्याने पुन्हा किल्लीला हात घातला. ताईचं डोकं जोरात चाललं होतं.

"ठीक आहे!" ती एकदम म्हणाली. "एजंटकाका, तुम्हीच बसा ना आत्याशेजारी. दवाखान्यापर्यंत जाऊन या. तुमची हमी आहे ना?"

"हे बरंय!" काकांनी हसत जीपचं दार उघडलं. "या हो, पोरांचं समाधान होईल!"

"मी? नाही नाही... मला घाटात मळमळतं."

"आत्या डॉक्टर आहे, गोळी देईल!" चिमी म्हणाली.

"आणि... कंबर पण धरलीय..." एजंट दोन पावलं मागे सरकला. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता.

काकांचं हसू मावळलं. त्यांनी एजंटाकडे टक लावून पाहिलं. मग ते बॅटरी घेऊन जीपखाली शिरले. एक चाक. दुसरं. तिसरं.

एजंट हळूच मागच्या अंगणात सटकला. त्याची गाडी तिथे उभी होती. झंप्याने चिमीला डोळ्याने खुणावलं. दोघं आडवाटेने पुढे पळाली आणि अंगणाच्या फाटकात एकेक टायर लोटून त्यांनी आठांचा ढीग रचला!

"उचला की!" झंप्या ओरडला. "तुमचाच माल आहे!"

गाडी अडली. एजंट आरडाओरडा करायला लागला, तशी शेजारच्या गॅरेजमधली माणसं धावून आली. पोलीस येईपर्यंत त्यांनी त्याला जागचं हलू दिलं नाही.

काका जीपखालून बाहेर आले. चेहरा पांढराफटक पडला होता. "चारही तसलेच," ते आत्याला म्हणाले. "आणि माझ्याच हातांनी बसवले गं मी."

आत्या खाली उतरली आणि तिने ताईला घट्ट जवळ घेतलं.

जीपच्या मापाचे दुसरे टायर दुकानात नव्हते, म्हणून काकांनी स्वतःच्या पिकअपचे काढले. आकडे ताईने मोठ्याने वाचले, मगच एकेक टायर जीपला चढला. साडेचारला आत्या निघाली. त्यानंतर काका फोनजवळच बसून राहिले.

सातला फोन वाजला. काकांनी झडप घालून उचलला.

"पोचले रे दादा," आत्या सांगत होती. "दरीच्या वळणावर मोठा धोंडा आडवा आला होता. चाक त्याच्यावरून गेलं, टायरला चीर पडली, पण तो फुटला नाही. पोरांना सांग, त्यांच्यामुळे मी आज इथे उभी आहे."

काकांनी फोन ठेवला. तिघांसमोर ते जमिनीवरच मांडी घालून बसले. ह्या दणकट माणसाचे डोळे भरून आले होते.

"तुम्ही पुन्हा पुन्हा सांगत होतात आणि मी हाकलून देत होतो," ते म्हणाले. "आज माझी बहीण माझ्या हातून जाणार होती. तुम्ही माझं ऐकलं नाहीत, फार चांगलं केलंत!"