बंद स्विचमागचा करंट

"भिंतीवरून उडी मारायची, पंपघराची खिडकी गाठायची, आणि त्या खोटारड्या व्यवस्थापकाचा..."

"...आणि पाय मोडून घ्यायचा," ढगाने वाक्य पुरे केले. "मग दवाखान्यात काकांच्या शेजारची खाट रिकामी आहे का, ते विचारायचं."

"तू गप रे! कधी चांगलं बोललायस?" फ्यूज उसळला.

"चांगलं घडलं की बोलेन."

तिघे जलतरण तलावाच्या मागच्या गल्लीत, बंद फाटकाच्या कठड्यावर बसले होते. गजांपलीकडे तलावाचे पाणी हिरवे पडत चालले होते. सुट्टीभर रोज पोहायचे, असा बेत परीक्षेच्या आधीपासून ठरला होता. आता पंप बंद होते, तलाव बंद होता, आणि पक्कडचे बाबा उजव्या हाताला जाड पट्ट्या बांधून दवाखान्यात पडून होते.

पक्कड हे काही तिचे खरे नाव नव्हे. बाबा वीजतंत्री, आणि ती एकदा एखादी गोष्ट धरली की सोडत नाही, म्हणून बाबांनीच हे नाव ठेवले. शेजारचा फ्यूज क्षुल्लक कारणाने उडायचा. सुट्टीसाठी आलेला मावसभाऊ ढग निरभ्र आकाशाखालीही पावसाची खात्री देत असे. यंदा त्याचे खरे ठरले, आणि त्याला स्वतःलाच ते मुळीच आवडले नाही.

झाले होते ते असे. पंपघरातला दुसरा पंप चालू-बंद करणारी जी पेटी, म्हणजे स्टार्टर, तिच्यात एक स्क्रू सैल झाला होता. तो आवळताना बाबांना विजेचा जबर झटका बसला. पेटी उघडल्यानंतरचे त्यांना काहीही आठवत नव्हते. व्यवस्थापकांना मात्र सगळे आठवत होते. बाबा शुद्धीवर येण्याआधीच त्यांनी तलाव समितीपुढे सांगितले, "मेन स्विच चालूच होता. कुलूपबिलूप काही नव्हतं. माणूस अनुभवी, नाही म्हणत नाही. पण अनुभवानं माणूस निर्ढावतो." निर्ढावणे या विषयावर ते अधिकारवाणीने बोलले, आणि समितीने माना डोलावल्या. बेशुद्ध माणसाला दोष देण्याची मोठी सोय असते. तो मध्येच बोलत नाही.

आज दुपारी वीज निरीक्षक चौकशीला येणार होत्या. दोष बाबांचा ठरला, तर त्यांचा परवाना जाणार होता. परवाना गेला की काम गेले, आणि नावही.

"बाबा कुलूप लावल्याशिवाय पेटी उघडतच नाहीत," पक्कड म्हणाली. "मेन स्विच पाडायचा, त्याच्या दांड्याला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली गळ्यात. मग टेस्टर आधी चालू जागी लावून बघायचा, मग बंद जागी, मग पुन्हा चालू जागी. टेस्टरच मेलेला नाही ना, याची खात्री. घरातला बल्ब बदलतानासुद्धा आई वैतागेपर्यंत हेच!"

"हे तुला माहीत," ढग म्हणाला. "त्या बाईंना तू सांगणार, 'माझे बाबा फार चांगले आहेत.' सगळ्यांचे बाबा चांगलेच असतात. पुरावा कुठाय?"

"पुरावा, पुरावा!" फ्यूज उडाला. "त्या दिवसाचं नावच काढू नका. आपण तिघं पाण्यात होतो, भिंतीतून येणाऱ्या पंपाच्या झोतापुढे पाठ धरायला नंबर लावून. तुम्ही दोघं पोटभर शेकून घेतलंत. माझी पाळी आली आणि झोत मेला! ठप्प! आणि मग ती किंकाळी..."

तो एकदम थांबला. आपण काय बोलून गेलो, हे त्याला उशिरा उमगले. पण पक्कडचे लक्ष किंकाळीकडे नव्हते. तिने त्याचे मनगट पकडले होते.

"झोत किंकाळीच्या आधी मेला? नक्की?"

"नक्की म्हणजे! मी पाठ लावून उभा होतो मूर्खासारखा. चांगला बराच वेळ!"

"आणि गाणं?"

"ते कर्ण्यावरचं?" ढग आठवू लागला. "तेही तेव्हाच बंद पडलं. मला फार बरं वाटलं. मग थोड्या वेळानं परत लागलं, तेही अगदी पहिल्या ओळीपासून. म्हटलं, हे आपलं नशीब. त्यात धूर यायला लागला. मी खोकत बाहेर आलो. मी तेव्हाच म्हणालो होतो, काहीतरी वाईट होणार आहे."

"ते तू रोजच म्हणतोस!"

पक्कड कठड्यावरून खाली उतरली. "नीट ऐका. झोत आणि गाणं एकदम मेलं, म्हणजे वीज गेली. ती बाबांनीच घालवली. ऑफिसची लाइन पंपघराच्या मेन स्विचवरूनच जाते. म्हणजे स्विच बंद होता!"

"मग गाणं परत लागलं, म्हणजे वीज परत आली. मग झोत का नाही आला?" फ्यूजने विचारले. त्याच्या मनातली सल अजून गेली नव्हती.

"स्टार्टरमुळे. वीज गेली की स्टार्टर पंपाचा हात सोडतो, आणि ती परत आली तरी आपणहून पुन्हा धरत नाही. माणसानं जाऊन हिरवं बटण दाबावं लागतं. नाहीतर यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या हातातच ते फिरायला लागेल. कर्ण्याला असला शहाणपणा नसतो. वीज दिसली की तो ओरडतो."

"पण वीज आली कुठून? काकांचं कुलूप..." ढगाने विचारले.

"धूर," पक्कड म्हणाली. "तू खोकलास ना, तो धूर."

भिंतीला वळसा घालून तिघे ऑफिसच्या मागच्या बोळात आले. तिथे ताडपत्रीखाली जनरेटर होता, आणि त्याच्या वरच्या खिळ्याला वायरचे एक वेटोळे टांगलेले होते. पक्कडने ते लांबूनच न्याहाळले. वायरच्या दोन्ही टोकांना पिना होत्या.

फ्यूजचा हात पुढे गेला. तिने तो फाडकन खाली पाडला.

"हात लावायचा नाही! एक टोक जनरेटरला लावलं, की दुसऱ्या टोकाच्या पिनांवर उघडा करंट. हे टोक ऑफिसच्या सॉकेटमध्ये खुपसतात. म्हणजे वीज उलटी शिरते. सॉकेटमधून बोर्डावर, बोर्डावरून पंपघरात. मेन स्विच खुशाल बंद असू दे, त्याच्या अलीकडच्या सगळ्या तारा जिवंत! जनरेटरला वेगळा स्विच असतो. तो एका वेळी एकच वीज आत घेतो. बाबांनी तो बसवायला सांगितला होता. यांनी खिळा बसवला."

"कोण आहे रे तिकडं?" पहारेकरी काठी टेकत आला. पक्कडला ओळखून त्याने नजर दुसरीकडे वळवली. "जनरेटर बिघडलाय," तो न विचारताच म्हणाला.

"काका, लाइट गेली की हा कोण लावतं?"

"मीच. साहेबांची शिट्टी आली की धावायचं, उशीर झालेला त्यांना चालत..." त्याने काठी जमिनीवर आपटली. "बिघडलाय म्हटलं ना! जा बघू पोरांनो. माझ्या पोटावर पाय आणू नका." तो तिथेच, जनरेटरच्या बाजूला, एखाद्या अपराध्यासारखा उभा राहिला.

गल्लीत परतल्यावर ढगाने हिशेब मांडला. "आपण सांगितलं की व्यवस्थापक वायर लपवणार. बाई आधी ऑफिसात जाणार, चहा घेणार, आणि चहाबरोबर त्यांची गोष्टही पिणार. झालं."

"मग चहाआधी गाठायचं," पक्कड म्हणाली.

निरीक्षकबाई ठरलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी आल्या, आणि त्याही मागच्या गल्लीतून. अपघातानंतर पंपघराच्या गल्लीकडल्या दाराला त्यांच्याच कचेरीचे कुलूप होते. त्यांच्या खांद्याला झिजलेली पिशवी होती, आणि चेहऱ्यावर हसण्याची कसलीही खूण नव्हती.

"बाई, तुम्ही लवकर आलात!" फ्यूजच्या तोंडून गेले.

"मी नेहमीच लवकर येते. ठरलेल्या वेळेला माणसं खोटं बोलायच्या तयारीत असतात. तुम्ही कोण?"

पक्कडने सांगितले. बाईंच्या कपाळावर आठी पडली. "बाळ, तुझ्या वडिलांबद्दल वाईट वाटतं. पण माझ्यापुढे रडून निकाल बदलत नाही."

"मी रडत नाहीये," पक्कड म्हणाली. आणि ते खरे होते. झोत, गाणे, धूर, वायर, सगळे तिने क्रमाने सांगितले. "आमच्यावर विश्वास ठेवू नका. फक्त मेन स्विच बंद करा, तुमचं कुलूप घाला, आणि थांबा. कशालाही हात लावू नका. गाणं पुन्हा सुरू झालं की टेस्टर लावा."

बाईंनी पिशवीत हात घातला. मग त्यांनी किल्ली काढली. "उंबऱ्याच्या बाहेर उभे राहा. एक पाऊल आत आलात, तर चौकशी तिथेच संपली."

दार उघडले. ओल आणि जळकट वास एकदम बाहेर आला. दुसऱ्या स्टार्टरची पेटी अजून उघडीच होती. तिच्या कडेवर काळा डाग होता. पक्कडने तो पाहिला आणि दाराची चौकट घट्ट धरली.

बाईंनी हातमोजे चढवले, मेन स्विचचा दांडा खाली ओढला, त्याच्या भोकात आपले कुलूप अडकवले. ऑफिसकडून येणारे गाणे शब्दाच्या मधोमध तुटले. त्यांनी टेस्टर स्विचच्या पलीकडच्या, बाहेरून वीज येते त्या तारेला लावला. दिवा लागला. मग स्टार्टरच्या पेटीत. दिवा लागला नाही. मग पुन्हा पलीकडे. लागला.

"याच वेळी बाबांनी हात घातला असणार," पक्कड हळूच म्हणाली.

"नियमाप्रमाणे घालायला हरकत नव्हती," बाई म्हणाल्या. आणि सगळे थांबले.

शांतता लांबत गेली. "शिट्टीच नाही वाजली तर?" फ्यूज कुजबुजला. "नाहीच वाजणार," ढग म्हणाला. पण त्याची नजर बोळाकडेच होती.

तेवढ्यात ऑफिसातून शिट्टी आली. लांब, चिडखोर, रोजची. निरीक्षकबाई दारात आल्याचे व्यवस्थापकांना माहीत नव्हते. त्यांच्या लेखी फक्त पंखा थांबला होता. भिंतीमागे जनरेटर धडधडला. डिझेलचा धूर बोळातून सरपटत आला. आणि कर्ण्यावर तेच गाणे, पहिल्या ओळीपासून, मोठ्या उत्साहात सुरू झाले.

बाईंनी टेस्टर उघड्या पेटीत नेला.

दिवा लागला.

कुणी आनंदाने ओरडले नाही. कुलूप जागेवर होते. करंट भलतीकडे गळू लागला तर वीज झटकन तोडणारा सुरक्षा-स्विचही शहाण्यासारखा उभा होता. तो पुढच्या दारी राखण करत राहिला आणि चोर मागच्या दाराने आला. त्या इवल्या तांबड्या दिव्याच्या जागी पक्कडला बाबांची बोटे दिसत होती.

"चला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

ऑफिसात पंख्याखाली समितीचे अध्यक्ष बसले होते, आणि व्यवस्थापक त्यांच्या बशीत बिस्किटे मांडत होते.

"या, या बाई! आपण लवकर... अरे, चहा आणा! बसा ना पंख्याखाली."

"पंखा छान चालतोय," बाई म्हणाल्या. "वीज तर गेलेली दिसते."

"गेली की! पण आमच्याकडे कुणाचं अडत नाही. मी सोयच तशी केलीय. शिट्टी मारायचा अवकाश! ऑफिस, बोर्ड, सगळं चालू!"

"सगळं? पंपघरसुद्धा?"

"सग..." व्यवस्थापकांनी शब्द अर्ध्यावरच गिळला.

"पंपघराचा मेन स्विच बंद आहे. मी बंद केलाय. कुलूप माझं आहे. किल्ली ही." बाईंनी ती टेबलावर ठेवली. "आणि त्या पेटीत आत्ता करंट आहे. आधी तो जनरेटर बंद करा."

जनरेटर थांबला. गाणेही. "पण त्या दिवशी कुलूप नव्हतंच!" व्यवस्थापक ओरडले. "नव्हतंच कुलूप!"

"होतं." दारात पहारेकरी उभा होता. त्याने पक्कडकडे पाहिले नाही. "पोरीच्या बापाला उचलून नेल्यावर साहेबांनी मला करवत आणायला लावली. कुलूप मीच कापलं. वायर तर मीच लावली होती. मला काय ठाऊक, आत माणूस आहे! मला कुणी विचारलं नाही... आणि मीही सांगितलं नाही."

अध्यक्षांनी घसा साफ केला. त्यांना एकाएकी बाजू बदलायची होती, आणि ती त्यांनी सराईतपणे बदलली. "शाबास मुलांनो! कमाल केलीत! समितीतर्फे तिघांनाही वर्षभर पोहणं मोफत!"

"त्यापेक्षा समितीनं एकदा जनरेटर पाहायला हवा होता," निरीक्षकबाई म्हणाल्या. "या मुलांनी जे केलं, ते तुमचं काम होतं. यांचं वय त्यासाठी नाही." मग त्या पक्कडकडे वळल्या. "वडिलांना सांग, परवान्याला धक्का लागणार नाही. अहवालात मी लिहीन, की त्यांचं काही चुकलं नव्हतं. आणि तू हात न लावता शोधलंस, म्हणून तुझं विशेष कौतुक. आमच्या खात्यात हे फार थोड्यांना जमतं."

"बघ, झालं की नाही चांगलं?" बाहेर पडताना फ्यूजने ढगाला कोपर मारले. "बोल आता!"

ढगाने विचार केला. "बरं झालं," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने हे भाषण होते.

संध्याकाळी दवाखान्यात आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. डॉक्टर नुकतेच येऊन गेले होते. बाबांची दोन बोटे हलत नव्हती, आणि ती पुढेही हलतील असे डॉक्टरांनी काही म्हटले नव्हते. पक्कडने बाबांना सगळे सांगितले, हळू आवाजात, इतर रुग्णांना त्रास होऊ नये म्हणून. बाबा छताकडे पाहत ऐकत होते.

या वॉर्डात गेले कित्येक दिवस येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्याकडे बोट दाखवून विचारत होता, "हेच का ते, स्विच बंद करायला विसरलेले?"

बाबांनी डाव्या हाताने तिला जवळ ओढले.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "अगदी पहिल्यापासून. आणि जरा मोठ्यानं सांग, बाळा. त्या कोपऱ्यातल्या आजोबांना कमी ऐकू येतं."

पक्कड उभी राहिली, आणि मोठ्याने सांगू लागली.