सरूबाईची खिडकीची सीट

मी एक नंबरचा थापाड्या. अख्ख्या मुकुंदवाडीला ठाऊक आहे.

पण ही थाप नाय. हे माझ्या आत्तेभावासोबत, बन्सीसोबत घडलंय. बन्सी जिता आहे, विचारा त्याला.

दोन वर्षं झाली. कार्तिकातला बुधवार. संध्याकाळचे पावणेसहा.

चिकलठाण्याला विमानतळाच्या भिंतीला लागून एवढीशी बाग आहे. दोन बाकडी, एक मोडकी घसरगुंडी. तिथं बन्सीची माय, सरूबाई, रोज येऊन बसायची. विमान उडालं की पदर हलवायची.

"माझा रामकिसन बसवणार हाय मला. खिडकीशी."

रामकिसन म्हणजे धाकटा. दिल्लीला नोकरी. दर महिन्या-दोन महिन्यानं विमानानं ये-जा. सात वर्षं एकच गाणं, 'पुढच्या दिवाळीला, माय.'

त्या दिवाळीला माय गेली.

बुधवारी बन्सी तिच्या बाकड्यावर एकटाच बसला होता. डोकं नुसतं भणभणत होतं. सकाळीच कायगावला, गोदेवर, मायचा दहावा झाला होता. आईचं धाकट्यानं करायचं, म्हणून पिंड रामकिसननं ठेवला.

झाडावर पन्नास कावळे.

एक खाली येईना.

"बोल ना! विमानाचं राहिलंय तिचं!" बन्सी ओरडला.

"आता काय मेलेल्या माणसाचं तिकीट काढू?" रामकिसननं घड्याळ बघितलं. "गुरुजी, दर्भाचा कावळा करा. मला सहाचं विमान हाय."

"अरे, तेराव्यालाबी थांबणार नाय?"

"सुट्टी नाय, दादा."

गुरुजींनी गवताचा कावळा वळला, पिंडाला टेकवला. झालं काम.

'हरामखोर,' बन्सी बाकड्यावर पुटपुटला. 'जिती होती तवाबी फसवलं, मेल्यावरबी.'

त्यानं पत्रावळीवर दहीभात आणला होता. भिंतीवर ठेवला.

"ये माय, खाऊन जा."

कावळा नाय. चिमणी नाय. समोरच्या रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा थांबले...

मग बाकड्याची फळी करकरली.

शेजारून मिश्रीचा वास आला... मायच्या मिश्रीचा.

बन्सीनं मान वळवली नाय. नुसता श्वास ऐकू येत होता. नाकातून, जोरात. भांडण झालं की माय तसाच घ्यायची.

भिंतीपलीकडं विमान धावायला लागलं.

शेजारून कुणीतरी उठलं. वहाणा फटक फटक वाजत भिंतीपर्यंत गेल्या...

अन् भिंतीपाशी थांबल्या.

विमान उडालं. बन्सीनं बघितलं. पत्रावळ तिथंच होती. भात नव्हता.

दोन-अडीच तासांनी फोन आला. रामकिसनचे दात वाजत होते.

"दादा... शेजारची खिडकीची सीट रिकामी होती. विमान उडालं अन् तिचा पट्टा आपोआप लागला. सीटवर दहीभात सांडलाय... दादा, तिला उतरव!"

"मी कसं उतरवू? तू बसवलं नाय, ती तिची तिची बसली."

तवापासून रामकिसन विमानात चढला की शेजारची खिडकी रिकामी. पट्टा लावलेला.

गेल्या दिवाळीला घरी आला तो निम्मा झाला होता. जाताना त्यानं दोन तिकिटं काढली. दुसरं मायच्या नावानं. म्हणला, आता तरी निवेल.

बन्सी सोडायला गेला. दारावर हैदराबादकडचा एक जवान होता. रामकिसननं दोन तिकिटं दिली, ओळखपत्र एकच. बन्सीला वाटलं, आता अडवतो.

जवानानं तिकिटं परत केली. रामकिसनच्या मागं, रिकाम्या जागेकडं बघितलं... अन् दोन पावलं मागं सरला.

"अम्मा, इत्ता गुस्सा कायकू?"

रामकिसन वळला नाय. बन्सी म्हणतो, त्याला वळताच येत नव्हतं. त्याचा इस्त्रीचा शर्ट पाठीवर ताणला होता...

मुठीत धरल्यासारखा.

बन्सी अजून रोज त्या बागेत जातो. मला म्हणतो, चल.

मी कारणं सांगतो. थापाच असतात त्या.