सोड म्हणेपर्यंत

सर्व्हिसिंग करून बिघडलेल्या गाडीइतकं वैताग आणणारं दुसरं काही नसतं. आधीच बिघडलेली गाडी आली, तर निदान दोष तिचा असतो. पण धडधाकट गाडी आपण खोलायची, ऑइल बदलायचं, फिल्टर आणि प्लग नवे टाकायचे, आणि मग ती धापा टाकायला लागली की बोट आपल्याकडेच येतं. त्यात ही गाडी दादाची. म्हणजे डोक्याला दुप्पट ताप.

दादा माझा थोरला भाऊ. पुढे शेड, मागे घर, आणि गॅरेज दोघांचं. गेल्या हिवाळ्यात तो गेला, तोही याच गाडीत. सिग्नल सुटला तरी गाडी हलेना, म्हणून मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. जवळ जाऊन पाहिलं तर दादा सीटवर ताठ बसलेला आणि पाय ब्रेकवर घट्ट. तो पाय काढायला दोघं लागले. तेव्हापासून गाडी शेडमध्येच होती. अधूनमधून मी सुरू करून ठेवायचो, पण कधी कुरकुर म्हणून नाही.

आता ती वहिनीला न्यायची होती. घाटापलीकडे वाडीवाडीत फिरणाऱ्या नर्सची नोकरी तिला मिळाली होती, आणि स्वतःची गाडी हवी ही नोकरीची अटच होती. लेकीला तिने आधीच मावशीकडे तिकडे पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. म्हणून मी सकाळपासून मन लावून सर्व्हिसिंग केलं, गाडी आतून पुसली, सगळं तिच्या सोयीचं करून ठेवलं आणि मग चावी फिरवली.

भक्... भक्... भक्. एक सिलिंडर मारतच नव्हता. गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग’.

बाहेर वारा सुटला होता आणि धूळ आत येऊ नये म्हणून शटर अर्धं ओढलेलं होतं. शेडमध्ये दिवसाढवळ्या अंधारून आलं होतं. कच्च्या पेट्रोलचा वास घशात बसत होता. मी बॉनेट उघडून आत वाकलो आणि वहिनीला सीटवर बसवलं.

इथे आमची पद्धत सांगायला हवी. बॉनेट उघडं असलं की समोरची काच झाकली जाते. सीटवर कोण बसलंय ते इंजिनाशी वाकलेल्याला दिसत नाही. सगळं काम आवाजावर. मी ‘रेस दे’ म्हटलं की दादा पेडल दाबायचा, ‘सोड’ म्हटलं की सोडायचा. मी विसरलो, तर इंजिन बोंबलत असलं तरी पठ्ठ्या दाबूनच धरायचा. वर म्हणायचा, "तू सोड म्हणेपर्यंत मी सोडणार नाही." यावरून आमची भांडणंही झाली आहेत.

"वहिनी, रेस द्या."

गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

"भावजी, माझंच काही चुकतंय का?"

"तुमचं नाही हो, या बयेचं चुकतंय!" मी खेकसलोच.

दादाचं एक सांगणं होतं, काम करून गाडी बिघडली तर जिथे जिथे हात लावलास तिथे परत जा. मी गेलो. प्लग काढून पाहिले, वायरी तपासल्या, जुने प्लग परत लावून पाहिले. फिल्टर काढून पाहिला. नळ्या चाचपल्या. कुठे काही म्हणून सापडेना. बोटं भाजली, पान्हा निसटून नख फुटलं, आणि मी त्या गाडीला नाही नाही ते बोललो. रडू यायचं तेवढं बाकी होतं. एवढी वर्षं हेच काम केलं, आणि वहिनीच्या कामाच्या दिवशी हात टेकायची पाळी आली होती.

"पुन्हा सुरू करा," मी बॉनेटखालून ओरडलो.

गाडी सुरू झाली. भकभक नाही.

"रेस द्या... हळू..."

आवाज चढला. सुरेख, एकसारखा, घाई नाही की धक्का नाही. मी कान देऊन ऐकत राहिलो. वहिनीचा पाय असा कधी बसला, याचं नवल वाटलं, पण आनंदच इतका झाला होता की मी तिचं कौतुकच करत सुटलो. "वा वहिनी! आता कसं! अगदी दादासारखं..."

"कुणाशी बोलताय, भावजी?"

आवाज मागून आला. वहिनी घराच्या दारात उभी होती, हातात शेवटची बॅग. "मी केव्हाच आत गेले होते. तुम्ही शिव्या घालत होतात, म्हणून बोलले नाही."

इंजिन चढलेलंच होतं. जराही कमीजास्त होत नव्हतं.

"...सोड," मी म्हणालो.

इंजिन खाली आलं.

मी बाजूने जाऊन आत पाहिलं. कुणी नव्हतं. फक्त सीट मागे गेली होती, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत. दादा ताडमाड उंच, त्याची सीट कायम तिथेच असायची. वहिनी बुटकी, म्हणून सकाळी मीच ती पुढे ओढून ठेवली होती. इंजिनाचा भाग नाही, म्हणून तिथे मी परत गेलोच नव्हतो.

मी सीट पुढे ओढली. भक्... भक्... मागे ढकलली. एकसारखा आवाज. वहिनी बघत होती. आम्ही दोघांनीही दादाचं नाव काढलं नाही.

"आज नका जाऊ," मी म्हणालो.

"पोर वाट बघतेय तिकडे. आणि उद्या हजर व्हायचंय." तिने पदर खोचला. "सीट राहू दे मागे. पाठीला उशी लावा काहीतरी, म्हणजे पाय पोचतील."

मी घरात धावलो आणि दिवाणावरची जाड उशी घेऊन आलो. तोवर बॉनेट मिटलं होतं, शटर वर गेलं होतं. वहिनी स्टिअरिंगमागे ताठ बसली होती, पाय पेडलवर नीट टेकलेले. इंजिन गुणगुणत होतं.

"छान बसली हो उशी," तिने काच खाली करून हात हलवला. "येते मी."

गाडी कोपऱ्यावरून वळली. उशी माझ्या हातातच होती.

ओरडून थांबवायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण काय सांगून थांबवणार होतो? दिवे लागायच्या सुमाराला फोन वाजला तेव्हा मी ती उशी मांडीवर घेऊन शेडमधल्या बाकावर बसून होतो.

"पोचले, भावजी. लोण्यासारखी आली गाडी. घाटात तर मला काही करावंच लागलं नाही." मागे इंजिनाचा आवाज येत होता, चढलेला, एकसारखा. "पण किल्ली काढलीय, तरी बंदच होत नाहीये. काय करू?"

"फोन... फोन बॉनेटकडे धरा."

"धरला."

"दादा," मी म्हणालो, "पोचली ती. आता सोड."

आवाज उतरला, विझला. मग पलीकडे नुसता वारा. माझा जीव भांड्यात पडला आणि इतक्या महिन्यांनी मी पहिल्यांदा त्याच्यासाठी रडलो.

"झाली बंद," वहिनी म्हणाली. "पोर आली बघा दारात. उतरते..."

पट्टा सुटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"भावजी... ही उशी कशी बांधलीत हो तुम्ही? मला उठताच येत नाहीये..."

मी मांडीवरच्या उशीकडे पाहिलं आणि फोनमध्ये जिवाच्या आकांताने ओरडलो, "सोड, दादा! सोड!"

"...अजून घट्ट होतेय," ती म्हणाली.