कागदावरचं पातं

"काका, हा चाकू गेली आठ वर्षं कुठे होता, ते सांगता येईल?"

भिंगकाकांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. जिन्याखालच्या त्या एवढ्याशा दुकानात लोक गंजलेले चाकू घेऊन येत आणि 'कधी मिळेल' एवढंच विचारत. चाकूचा ठावठिकाणा विचारणारं गिऱ्हाईक त्यांच्या उभ्या जन्मात आलं नव्हतं.

समोर वाचनालयातल्या बाई उभ्या होत्या. चाळिशीच्या, नोकरीमुळे कायम हळू बोलणाऱ्या. त्यांनी टेबलावर एक फाडलेलं पाकीट ठेवलं आणि त्यावर घडीचा चाकू. हाडाची पिवळट मूठ, दोन्ही टोकांना पितळ, पात्यावर गंजाचे ठिपके.

"माझ्या दादाचा आहे. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी तो घरातून निघून गेला. परवा हा टपालानं आला. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. शिक्का बंदराच्या गावचा."

"बरं. मग?"

"मग काय, दादा तिथे आहे! उद्या सकाळच्या गाडीनं निघतेय. राजीनामा लिहिलाय, आज देईन. खोलीही सोडतेय. फक्त गाव मोठं आहे, शोधायचं कुठून? चाकूवरून कळेल का, तो गोदीत काम करतो, की कारखान्यात, की अजून कुठे? आणि साफ करून द्या. त्याच्यासमोर असा न्यायला नको वाटतं."

काकांनी चाकू उचलला. त्यांचा अंगठा पात्याच्या खिळीवर थांबला. खीळ सायकलच्या तारेची होती, म्हणजे त्यांनीच बसवलेली.

"दादा नकाशे काढायचे ना? दर महिन्याला धार लावून न्यायचे. पेन्सिलीचं टोक सुईसारखं हवं म्हणून माझा जीव खायचे."

"तोच!" बाईंचे डोळे भरले. "चाकू खिशात टाकल्याशिवाय तो खाली दूध आणायलासुद्धा जात नसे. म्हणून तर मला खात्री होती. गेला त्या सकाळी चाकू जागेवर नव्हता. मीच आईला म्हटलं, चाकू नेलाय, म्हणजे कुठेतरी नकाशे काढत राहणार आहे, जिवाचं बरंवाईट करायला नाही गेला. येईल."

"आई काय म्हणाल्या?"

"'हो गं,' म्हणाली."

"आता कुठे असतात?"

"गेली मागच्या वर्षी. जन्मभर शाळेचे निळे गणवेश शिवले तिनं. रात्री दाराला कडी लावू द्यायची नाही. दादा आला तर त्याला ताटकळायला लागू नये. मी अजूनही लावत नाही."

"घरी कोण असतं?"

"कोण असणार? मी आणि चार भिंती. आईचं हातमशीनही टेलरमास्तरांना देऊन टाकलं, बघवेना. मास्तर दादाचे मित्र. पाकीट आलं तशी धावत त्यांच्याकडेच गेले, तर तीन दिवसांपासून दुकानाला कुलूप. अस्तर आणि बटणं आणायला बाहेरगावी गेले होते. काल आले."

काकांनी मान हलवली. "पाचला या. आणि राजीनामा तेवढा पर्समध्येच राहू द्या."

"का?"

"चाकू अजून उघडायचाय."

काकांना दोन सवयी होत्या. बायको होती तोवर दोन्हींवरून त्यांना चिडवायची. आता चिडवायलाही कुणी नव्हतं. पहिली सवय, चाकूतून निघालेली घाण ते फेकत नसत. गिऱ्हाईक चाकू घेऊन जाईपर्यंत ती पांढऱ्या कागदावर जपून ठेवत. दुसरी, धार लावून झाली की पातं वहीत ठेवून त्याच्याभोवती बारीक पेन्सिलीनं रेघ काढत. 'तुम्ही पातं खाल्लंत' म्हणत भांडायला येणाऱ्यांची तोंडं त्या वहीनं बंद केली होती.

मूठ उघडून त्यांनी सुईनं खाच खरवडायला घेतली. वरच्या थरात पांढरी भुकटी निघाली, बोटाला खडूसारखी लागणारी, आणि लाल, हिरव्या, चॉकलेटी धाग्यांचे तुकडे. त्याखाली पिवळं, चिकट, आटलेलं तेल होतं. त्यात अडकलेले धागे मात्र सगळे निळे. अगदी तळाशी पेन्सिलीची काळी पूड दगडासारखी बसली होती.

खिशाच्या कोपऱ्यात जमतो तो करडा बुरा कुठेच नव्हता.

मग त्यांनी आठ वर्षांपूर्वीची वही काढली. पान सापडलं. पातं रेघेवर ठेवलं. भिंग लावून पाहिलं, भिंग पुसून पुन्हा पाहिलं. पातं रेघेवर तंतोतंत बसलं होतं.

काम फत्ते झालं की त्यांना बरं वाटायचं. आज अजिबात वाटलं नाही. त्यांनी खुर्चीतच पाय पोटाशी घेतले आणि बराच वेळ बसून राहिले. गप्प बसणं सोपं होतं. चाकू लख्ख करून द्यायचा, प्रवासाला शुभेच्छा द्यायच्या, संपलं. पण बायको गेल्यावर तीन वर्षं तिच्या चपला दाराशी ठेवणारा माणूस होता तो. कुणी तिचा कंगवा टपालानं पाठवला असता तर तो अनवाणी धावत सुटला असता. आणि पोचल्यावर तिथे कुणीच नसतं, तर?

ते उठले, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि रस्ता ओलांडून टेलरमास्तरांकडे गेले.

"काय म्हणताय मास्तर? बटणं मिळाली का मनासारखी?"

"मिळाली की."

"कुठे गेला होता?"

"हेच आपलं, जवळपास."

"जवळपास जायला तीन दिवस?"

मास्तरांनी तोंडातली टाचणी काढली. "पायी गेलो होतो असं समजा."

"समजलो. ते कोपऱ्यातलं हातमशीन बाईंच्या आईचं ना?"

"हो. का?"

काकांनी मशीन मागे कलंडवलं. खाली लाकडी बैठकीच्या पोकळीत तेलकट मळाचा थर होता. थराच्या मधोमध चार बोटं लांबीची एक जागा स्वच्छ होती, दोन्ही टोकांना गोल. काकांनी मशीन हळूच सरळ केलं.

"पाचला दुकानावर या, मास्तर."

"मला दोन पँटी द्यायच्यात."

"त्या उद्या द्या."

पाचला बाई आल्या तेव्हा मास्तर आधीच स्टुलावर अंग चोरून बसले होते. टेबलावर चाकू, उघडी वही आणि घाणीचा कागद. काकांनी बाईंना आपली खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

"बाई, तुम्ही विचारलंत चाकू कुठे होता. सांगतो. तो बंदराच्या गावी फार तर एक रात्र होता."

"म्हणजे?"

"ही रेघ मी आठ वर्षांपूर्वी काढली. दादांचं शेवटचं धार लावणं. आता पातं ठेवा तिच्यावर."

बाईंनी ठेवलं.

"जुळतंय."

"तेच तर. धार लावली की पातं झिजतं. दर महिन्याला धार लावणारा माणूस आठ वर्षं चाकू वापरतो आणि पातं केसभरही कमी होत नाही? हा चाकू त्यानंतर कुणी वापरलेलाच नाही. खिशातही नव्हता. खिशातला बुरा नाही यात."

"मग होता कुठे?" बाईंचा आवाज वाचनालयापेक्षाही खाली गेला होता.

"तळाशी पेन्सिलीची पूड, ती दादांची. त्यावर मशीनचं तेल, वर्षानुवर्षं ठिबकलेलं, आणि त्यात फक्त निळे धागे. निळं कोण शिवत होतं, तुम्हीच सांगितलंत. त्यावर शिंपीकामाचा खडू आणि नाना रंगांचे धागे, हे गेल्या वर्षातले. चाकू तुमच्या घरातच होता, बाई. आईंच्या मशीनखाली. मशीन मास्तरांकडे गेलं आणि चाकूही त्याच्याबरोबर गेला."

बाई मास्तरांकडे वळल्या. मास्तर जमिनीकडे बघत होते.

"मशीन अडकलं म्हणून गेल्या आठवड्यात कलंडवलं," ते म्हणाले. "खाली हा चाकू. तसाच आणून द्यायचा, तर 'दादा चाकू न घेता गेला' हे तुम्हाला माझ्या तोंडून कळणार. तुम्ही आई गेल्यापासून धड जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. म्हटलं, लांबच्या गावी जाऊन टपालात टाकावा, तो कुठेतरी आहे एवढं वाटलं तरी..."

"मी नोकरी सोडणार होते, मास्तर! घर सोडणार होते! त्या गावात दारोदार त्याचा फोटो दाखवत फिरले असते!"

"तुम्ही निघाल असं नव्हतं वाटलं. आईशप्पथ. चुकलं माझं."

"चुकलं? माझी आठ वर्षांची आशा पाकिटात घालून..." मास्तर रडायला लागले. तोही माणूस मित्र गेल्यापासून एकटाच होता, पण आत्ता ते कोण लक्षात घेणार.

मग बाईंनी काकांना विचारलं, "पण मशीनखाली तो गेला कसा?"

"ठेवल्याशिवाय नाही जात. मशीन कलंडवायला दोन हात लागतात. त्या सकाळी आधी कोण उठलं होतं?"

बाईंनी डोळे मिटले. "आई."

"त्यांनी चाकू जागेवर पाहिला. त्याचा अर्थ त्यांना कळला. तुम्ही उठायच्या आत त्यांनी तो उचलला."

"आणि मी म्हटलं, चाकू नेलाय, येईल." बाई थांबल्या. "ती हो म्हणाली. म्हणजे शेवटपर्यंत तिला आशाच नव्हती?"

"ते चाकूत दिसत नाही."

"मग कडी कुणासाठी उघडी ठेवायची?"

बाईंनी चाकू हातात घेतला.

"मला वाटायचं कडी लावली तर तिला वाईट वाटेल," बाई म्हणाल्या. "मला भीती वाटायची हो रात्री. तरी तिच्यासाठी लावली नाही. आणि ती माझ्यासाठी लावत नव्हती."

जिन्यावरून कुणीतरी वर गेलं.

"काका, दादाचं काय झालं असेल?"

"ते मला सांगता येत नाही, बाई. खोटं सांगणारे इथे दोघं होऊन गेले. मी तिसरा नाही होणार."

बाईंनी पर्समधून राजीनामा काढला, चार तुकडे केले आणि घाणीच्या कागदावर ठेवले. मग चाकू काकांसमोर सरकवला.

"याला धार लावा."

"लावली तर पातं कमी होईल. ही रेघ पुन्हा जुळायची नाही."

"नको जुळू दे."

काकांनी दगडावर पाणी शिंपडलं. वीस मिनिटं फक्त पात्याचाच आवाज होता. मग त्यांनी पातं पुसून त्याच पानावर ठेवलं आणि जुन्या रेघेच्या आत नवी रेघ काढली. जुन्या रेघेपाशी नुसती तारीख होती, तिथे 'भाऊ' लिहिलं. नव्या रेघेपाशी त्यांनी 'बहीण' लिहिलं आणि तारीख घातली.

"रात्री कडी लावा," चाकू देताना ते म्हणाले. "आणि महिन्यानं हा आणा, धार बघायला."

"महिन्यात बोथट होईल?"

"वापरला तर होईल."

बाईंनी चाकू मिटला आणि खिशात टाकला. "मग वापरते," त्या म्हणाल्या.