चाकं जमिनीवर टेकल्यावर

महानंदाच्या पत्राला सिद्धारामनं उत्तर दिलंच नव्हतं. माळशिरसच्या शाळेतून तिनं लिहिलं होतं – 'अक्कलकोटचं स्थळ आलंय. तुम्हाला काय वाटतं?' एवढंच. सोलापुरातल्या एका वाचनालयाचा हा ग्रंथपाल. त्याच्याच गल्लीतल्या मास्तरीणबाई त्याला हे का विचारतात? सल्ला म्हणून... की आणखी काही? त्यानं उत्तरं लिहिली, फाडली. एकात तर चक्क अभिनंदन होतं.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत एका सकाळी तो तिच्या घरावरून चालला होता. दारात तिच्या वडिलांची, रुद्रप्पांची जुनी फियाट लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, पुढची चाकं अधांतरी. गाडीखालून ग्रीसनं माखलेला एक हात बाहेर आला. मनगटात काचेच्या बांगड्या.

"अप्पा, एकोणीसचा पाना द्या की."

सिद्धारामनं पाना दिला... सतराचा.

"हा न्हवं, अप्पा –" पाठोपाठ महानंदाचं डोकं बाहेर आलं. कपाळावर काळा पट्टा. "तुम्ही व्हय."

"तुम्ही... माळशिरसला..."

"सुट्टी हाय. अप्पांची कंबर धरलीय, म्हणून पुढच्या चाकांच्या दांड्यांतले झिजलेले रबरी बूश मीच बदलले. आता बोल्ट आवळायचे तेवढे राहिलेत. बॉनेटवर गाडीचं पुस्तक हाय, वाचून दाखवा. माझे हात बघा कसे झालेत."

वाचायला मिळाल्यावर तो जरा सावरला. "बोल्ट आत्ता सैलच ठेवायचे. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचा भार आल्यावरच पक्के आवळायचे."

"का म्हणे?"

"चाक लटकत असताना बोल्ट आवळले, तर रबर तसंच धरलं जातं. गाडी खाली बसली की पिळवटतं... मग फाटतं."

"म्हणजे सगळं पक्कं करून मगच खाली उतरायचं, हे चालत न्हाई."

"नाही."

"आणि तुम्ही मात्र अजून वरच लटकलाय."

त्याच्या हातातलं पान उलटलं, भलत्याच प्रकरणावर गेलं. "मला वाटलं, पत्रात तुम्ही सल्ला मागताय."

"सल्ल्याला माळशिरसात मामा होता की." ती पाना नुसताच फिरवत राहिली. "परवा पाहुणे येणार. अप्पा माझा होकार विचारतील. काय सांगू?"

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "आधी... जॅक आणू का?"

"आणा," ती हसून म्हणाली.

दोघांनी ठोकळे काढले, चाकं टेकवली, गाडी दाबून-हलवून नीट बसू दिली. मग ती पुन्हा खाली शिरली आणि एकेक बोल्ट आवळू लागली. करकचून नको, असं तो उगाचच दोनदा म्हणाला.

घरी येऊन त्यानं लिहिलं – 'अक्कलकोटला नकार कळवा. मला तुमच्याशी लग्न करायचंय. पुढचं सगळं कसं जमेल, ते मला अजून कळलेलं नाही. तरीही. अप्पांशी मी बोलतो.'

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी ती समोरून आली. हातात ग्रीस काढायला आणलेला साबण.

"कुणाला?"

"तुम्हालाच."

"मग हातात द्या की. पुढ्यात उभी हाय."

"हातात दिलं तर... परत मागून घेईन."

पाकीट पेटीत पडलं. आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"तिकीट... लावलं होतं का मी?"

महानंदानं पदरानं कपाळावरचा काळा पट्टा पुसला. तो आणखीच पसरला.

"बिनतिकिटाचं बेरंग येऊ दे," ती म्हणाली. "दंड भरून सोडवून घेईन."