रिकामा गिअरबॉक्स

हसायचं तर खुशाल हसा. पण हे माझ्या सख्ख्या भावाच्या डोळ्यांसमोर घडलंय, आणि दादा थापा मारणाऱ्यांतला नाही.

रात्र-बित्र नव्हती. सुट्टीची भर दुपार. दगडखाणीचं वर्कशॉप. बाहेर लख्ख ऊन.

दादा तिथे डंपर दुरुस्त करायचा. हे मोठे डंपर ऑटोमॅटिक. क्लच नाही. गिअरबॉक्समधल्या ऑईलच्या दाबावरच गाडी ओढली जाते. ऑईल नसेल तर इंजिन कितीही रेटा, गाडी ढिम्म हलत नाही.

त्यातला एक डंपर न्यूट्रलला असला तरी पुढे सरकायचा. त्याचे जुने ड्रायव्हर, सगळ्यांचे काका, काही महिन्यांपूर्वी त्याच केबिनमध्ये बसल्या जागी गेले होते. तेव्हापासून त्याला हात लावायला कुणी धजत नव्हतं.

"ऑईल जळलंय, दुसरं काही नाही," दादा म्हणाला.

ऑईल खरंच जळलं होतं. नवं असताना लालभडक असतं, हे काळंकुट्ट. दादाने सगळं काढून टाकलं. बॅटरीच्या वायरी सोडवल्या. चाकांना ठोकळे लावले.

सोबतीला फक्त वेल्डर होता. दादाचा जिवलग. अंगाने आडवा, म्हणून सगळे त्याला ढोल्या म्हणायचे. डंपरसमोरच्या भिंतीला टेकून तो बसला होता.

"तुझं होईस्तोवर जरा पडतो रे. घोरायला लागलो तर इंजिन चालू झालं समजू नकोस!"

दादा हसत हसत दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरला. गाडीच्या पोटाखाली.

थोड्या वेळाने...

फुस्स.

ड्रायव्हरच्या सीटवर कुणी बसलं की येतो, तो आवाज.

"ढोल्या, वर चढलास का?"

दादाने मान वर केली.

मग... खट्.

गिअर पडला होता.

दादाच्या डोक्यावरचा, चाकांकडे जाणारा जाडजूड शाफ्ट फिरू लागला. सावकाश. इंजिन बंद, गिअरबॉक्स कोरडा ठाक... आणि डंपर ठोकळे रेटत पुढे चालला होता.

दादा पायऱ्यांकडे धावला. पायऱ्या पुढच्या बाजूला. तो पोहोचेपर्यंत वर डंपरचं लोखंड आलं होतं. वाट बंद.

"ढोल्या! ऊठ! बाजूला हो!"

ढोल्या जागा होता. दादाला त्याचे बूट दिसत होते. ते हलत नव्हते.

तो कुणाशी तरी बोलत होता. आवाज अगदी हळू.

"काका... अहो काका, मी बसलोय इथे... थांबा ना..."

दादाने दोन्ही हातांनी शाफ्ट धरला. वेड्यासारखा. तळहातांची सालटी निघाली. शाफ्ट फिरतच राहिला.

"सोडा हो त्याला!" दादा ओरडला. कुणाला, ते त्यालाही माहीत नाही.

बुटांच्या टाचा जमिनीवर घासल्या.

मग सगळं थांबलं.

लोक जमेपर्यंत दादा खड्ड्यातच होता. ढोल्या गेला होता.

चौकशी झाली. ब्रेक सुटला, गाडी उतारावरून घरंगळली, असं ठरलं. दादाने हात जोडून सांगितलं, "साहेब, उतार मागे आहे, दरवाजाकडे. गाडी चढाला गेलीय." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घरी जा, आराम कर."

ढोल्याच्या बायकोने एकच विचारलं, "भाऊजी, तुम्ही तिथेच होतात ना?"



खाणीने तो डंपर विकून टाकला. दूर कुठेतरी.

परवा दादाने नव्या मालकाचा नंबर मिळवला. मी शेजारीच बसले होते. फोन स्पीकरवर होता.

"गाडी फर्स्टक्लास आहे हो," पलीकडचा माणूस खुशीत म्हणाला. "माझा धाकटा भाऊच चालवतो. बोला, काय काम होतं?"

दादाने फोन माझ्याकडे सरकवला.

"हॅलो? ...हॅलो?"

मी फोन हातात घेतला. पण मी तरी काय सांगणार होते?

फोन कट झाला. तेव्हापासून आम्ही दोघंही पुन्हा तो नंबर लावायला धजावलेलो नाही.